वेशीच्या आतले शिपाई

आम्हा कॅम्पात राहणाऱ्यांना शिपाई नवा नाही. सकाळी शाळेला निघालो की मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान दौडताना दिसतात. तीन वर्षांपूर्वी याच रस्त्याने अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, तपासणीसाठी नेले. पोट फुगते, दोन घासांत भरते, ही तिची तक्रार आम्ही घरच्यांनी सहा महिने पित्तावर ढकलली होती. निदान निघाले अंडाशयाच्या कर्करोगाचे. अहवाल इंग्रजीत, परिचारिकेचा धीर कानडीत, आणि अक्काचा प्रश्न मराठीत : "किती दिवस रे माझे?"

अहवालात एक ओळ होती : गाठीत पांढऱ्या पेशींचा शिरकाव. मी इतिहासाचा माणूस. त्या ओळीचा माग काढीत गेलो.

तो १८६३ सालापर्यंत पोहोचला. जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो यांनी कर्करोगाच्या गाठीत रक्तातील पांढऱ्या पेशी पाहिल्या. त्या तेथे का जमतात, याचे उत्तर मिळण्यास मात्र शतक उलटावे लागले. आपल्याकडे मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. त्यांच्या शिष्या, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी बाल्टिमोरहून परतल्यावर येथे पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली. आमचा प्रश्न त्यांनी सोडविला असे नव्हे. पण गाठीचा अभ्यास पेशीपेशीने करावा, ही शिस्त मराठी मुलखात त्यांनी रुजविली. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी छातीतल्या थायमस ग्रंथीचे महत्त्व दाखविले. पांढऱ्या पेशींपैकी ज्या तेथे तयार होतात, त्या टी पेशी. शरीराचे शिपाईच म्हणा ना.

जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जॉर्ज कुकोस व सहकाऱ्यांनी या शिपायांची हजेरी घेतली. बळावलेल्या अंडाशय-कर्करोगाच्या १८६ स्त्रियांच्या गाठी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या गाठीच्या आत टी पेशी होत्या, त्यांपैकी ३८ टक्के पाच वर्षांनंतरही हयात होत्या. ज्यांच्यात नव्हत्या, त्यांपैकी अवघ्या ४.५ टक्के. शिपाई वेशीबाहेर ताटकळला आहे की आत शिरला आहे, यावर एवढा फरक!

पण केवळ डोकी मोजून भागत नाही. २००४ व २००५ मधील अभ्यासांनी दाखविले की काही टी पेशी लढणाऱ्यांनाच आवर घालतात. त्यांची संख्या वाढली तर रोगाचे फावते. या लढणाऱ्या पेशींचे लगाम सोडविणाऱ्या शोधासाठी अ‍ॅलिसन व होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. अंडाशयाच्या कर्करोगात मात्र त्या औषधांना इतर काही कर्करोगांइतके यश आलेले नाही.

हे सारे मी अक्काला सांगितले. ती म्हणाली, "त्या १८६ बायकांत मी नव्हते ना?" मास्तरकी करणारा मी, पण धडा तिने दिला. आकडा समूहाचा असतो, आयुष्य एकेकाचे.

अक्का आज आहे. औषधोपचार चालू आहेत. त्या ओळीमुळे आहे, असे मी म्हणणार नाही. वाचकहो, एवढेच सांगतो : घरातली बाई आठवड्यामागून आठवडे पोट फुगते म्हणाली, तर ते पित्तावर ढकलू नका. आतले शिपाई लढतील. वेळेवर कुमक पोहोचविणे आपले काम.