माळवद, पत्रे आणि एक कागद

आमच्या मराठवाड्यात घरभाड्याचा कायदाच निराळा होता, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना सांगितलं की त्यांना पटत नाही. तिकडे १९४७ चा मुंबईचा कायदा, विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा हुकूम आणि आमच्याकडे हैदराबाद राज्याने केलेला १९५४ चा. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, तरी तिन्ही कायदे आपापल्या जागी चालूच. ते रद्द होऊन एकच कायदा लागू झाला तो थेट ३१ मार्च २००० ला! आणि तोही सरसकट नाही, त्याच्या अनुसूचीत दिलेल्या गावांपुरताच.

जळकोटला मात्र यातल्या कुठल्याच कायद्याचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. भाडं रोख, करार तोंडी, पावती कसली नि काय. कुरबुर झालीच तर गल्लीतला कुणी वडीलधारा मिटवायचा. असो.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीकडे हजारो माणसं गेली, ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर येऊन. आमचं भाड्याचं घर अगदी तसंच. आई आत झोपायलाच तयार होईना. माळवद उतरवून पत्रे टाका, असं वडिलांनी सांगितल्यावर मालक म्हणाले, "गुरुजी, माझी ना नाही, पण पैसा कुठनं आणू? नसंल जमत तर दुसरं घर बघा." माणूस वाईट नव्हता, खरंच पैसा नव्हता.

वडिलांच्या वकील मित्राने १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा दाखवला. कलम १०८ म्हणतं, मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती कळवूनही त्याने वेळेत केली नाही, तर भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. गोम आहे ती 'बंधनकारक' या शब्दात. तोंडी करारात मालकावर कशाचं बंधन, हे ठरवणार कोण?

म्हणून कलमाचा उल्लेखही न करता वडिलांनी एक कागद लिहून नेला. पत्रे आम्ही आणतो, माळवदाची लाकडं तुमचीच, खर्च दरमहा अर्ध्या भाड्यातून फिटेल, तोवर घर खाली करायला सांगू नये. दोघांच्या सह्या, साक्षीला शेजारी. मला तर वाटतं लाकडांच्या ओळीनेच काम झालं, सागाची होती ती!

पुढे दर महिन्याला मालक कागदाच्या पाठीवर आकडा वजा करून सही करायचे. पाण्यावरून बोलाचाली व्हायचीच. आणि उन्हाळ्यात पत्रे असे तापायचे, की आई म्हणायची, माळवदच बरं होतं.