गजाच्या टोकावरची चित्रे

कॅमेऱ्यातून येणारे चित्र प्रेक्षकांसमोरच घडवण्याची आणि वाद्यासारखे खेळवण्याची कला, जिला आज ‘लाइव्ह व्हिडिओ’ म्हणतात, ती चित्रपटापेक्षा संगीताला अधिक जवळची आहे. तिच्या आरंभकाळातील एक अग्रणी कलावंत स्टाइना वासुल्का या मुळात व्हायोलिनवादक होत्या, हा म्हणूनच निव्वळ योगायोग मानता येत नाही. १९४० मध्ये रेक्याविक येथे जन्मलेल्या स्टाइना संगीतशिक्षणासाठी प्रागला गेल्या, तेथे अभियांत्रिकीकडून चित्रपटाकडे वळलेल्या वूडी वासुल्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९६५ मध्ये हे दांपत्य न्यूयॉर्कला आले. खांद्याला अडकवून नेता येणारा ‘पोर्टापॅक’ हा फीतमुद्रक हाती आल्यावर दोघांनी फिलमोर ईस्टसारख्या रॉक संगीताच्या रंगमंदिरांत आणि रात्रीच्या क्लबांत चित्रण केले.

१५ जून १९७१ रोजी मर्सर आर्ट्स सेंटर या नाट्यसंकुलातील जुन्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्यांनी ‘द किचन’ हे कलाकेंद्र सुरू केले, ज्याचे नाव जागेवरूनच पडले. तेथील व्हिडिओ कार्यक्रमांची धुरा पुढे दिमित्री देव्यात्किन यांच्यासह श्रीधर बापट यांनी वाहिली. बापट हे आडनाव या इतिहासात मराठी वाचकाला क्षणभर थबकवते, पण मराठी लेखनात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. ऑगस्ट १९७३ मध्ये हॉटेलची इमारत कोसळली आणि किचन सोहो भागात हलले. वासुल्का दांपत्य मात्र त्याच वर्षी बफेलो विद्यापीठात, जेराल्ड ओ’ग्रेडी यांनी उभारलेल्या माध्यम-अभ्यास केंद्रात अध्यापनासाठी गेले आणि १९७९ पर्यंत तेथे राहिले.

याच वर्षांत स्टाइना यांची ‘व्हायोलिन पॉवर’ ही कृती आकाराला आली. ध्वनी आणि दूरचित्रवाणीचे चित्र ही दोन्ही तारेतून वाहताना विद्युतदाबाचे चढउतारच असतात, त्यामुळे एकाने दुसऱ्याला वाकवता येते: व्हायोलिनचा आवाज यंत्रात सोडला की अमेरिकी पडद्यावरचे चित्र ज्या ५२५ आडव्या रेषांनी विणलेले असे, त्या रेषा गजाच्या प्रत्येक ओढीसरशी उचलल्या जात आणि वादिकेचा चेहरा तिच्याच सुरांनी लहरत असे. कलेतिहासाच्या ग्रंथांत या प्रयोगांची फीत तेवढी उरते. ती उष्ट्या ताटासारखी असते, जेवणाची चव तिच्यावरून सांगता येत नाही.

१९९१ पासून स्टाइना यांनी पाच तारांचे विद्युत व्हायोलिन लेझर तबकडीला जोडले. त्यात दोन तारांवर बोट कोठे पडले यावरून तबकडीतील चौकट ठरे, दुसऱ्या दोन तारा चित्राची गती आणि दिशा सांभाळत आणि सर्वांत खालच्या सुराची पाचवी तार तबकडीचा कोणता भाग वापरायचा हे ठरवी. तबकडीची जागा पुढे संगणकाने घेतली. व्हायोलिन तसेच राहिले.