सुपे, कडबनवाडी : गवताळ राने पाहताना

अष्टविनायकांपैकी पहिल्या, मोरगावच्या गणपतीला जाणारे भाविक बारामती तालुक्यातील सुप्याचे अभयारण्य सहसा पाहत नाहीत. मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर असले, तरी चिंकाऱ्यांचा हा हक्काचा निवारा आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील चौफुल्याहून सुप्याला जाता येते.

याच तालुक्यातील शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथेही अशी राने आहेत. तेथे वन विभागाने २०२४ मध्ये गवताळ प्रदेश सफारी सुरू केली. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर गेल्यास चिंकारा, लांडगा, खोकड दिसण्याची शक्यता अधिक.

उन्हाळ्यात ही राने पडीक भासतात. पण तो गैरसमज आहे. दूरवर नजर पोचणे आणि वेगाने पळणे हेच चिंकाऱ्याचे संरक्षण. त्यामुळे येथे दाट वृक्षलागवड केल्यास त्याचा अधिवासच हिरावला जातो. धाविक, चंडोल यांसारखे पक्षी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. म्हणूनच वाहन ठरलेल्या वाटेखाली उतरवू नये आणि प्राण्यांचा पाठलाग करू नये.