तक्रारीचा टाळ



दिंडीच्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायला बसलं, की भजन, पंगती आणि अन्नदान यांचीच यादी होते. भांडणं कुणी लिहीत नाही. आम्ही ठरवलं, तीही लिहायची.

वारीला सगळे एकाच कारणानं येत नाहीत. कुणाची पिढीजात वारी, कुणाचा नवस. कुणी घरच्या कटकटीला कंटाळून निघतं, कुणी चार दिवस पोटाची सोय होते म्हणून. हल्ली फोटोपुरते दोन मुक्काम चालणारेही असतात. मग भिशी कुणी थकवली, ट्रकात वळकटी कुणाची आधी, ओळीत पुढं कोण, यावरून ठिणगी पडतेच.

हे आजचं नाही. १६८५ साली तुकोबारायांचे पुत्र नारायणमहाराज यांनी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून नेल्या. पुढं मानपानावरून वाद वाढले. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींची पालखी आळंदीहून वेगळी काढली आणि तिला शिस्त लावली.

त्या सोहळ्यात समाजआरतीची रीत आहे. मुक्कामी चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो. निवाडा झाला की मग आरती.

पण काही तक्रारींना टाळच नव्हता. इरावती कर्वे वारीत चालल्या. एकाच दिंडीत भजन एकत्र आणि जेवण जातीजातीचं वेगळं, हे त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवलं. मुखी चोखोबांचे अभंग होते, पण चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर. मंदिराचं दार दलितांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसल्यावर.

आमच्या दिंडीतही पंगती वेगळ्या बसत, असं जुनी माणसं सांगतात. कडेला बसणाऱ्यांनी टाळ वाजवला नाही, म्हणून आमच्या वाडवडिलांनी ऐकलं नाही. त्याबद्दल आम्ही इथं हात जोडतो.

पुढच्या पिढीला एवढंच सांगणं आहे. वारीला कोण कशासाठी आलं, हे विचारत बसू नका. पण कुणाचा टाळ वाजत राहिला, तर त्याला गप्प करू नका. आधी त्याचं ऐका, मग आरती.