कॉन्फिगरेशन फायलींवरील निर्बंध आणि त्यांची शिथिलता

दिल्ली-गुडगाव परिसरातील सायबरमीडिया या प्रकाशनसंस्थेच्या ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने मार्च १९९६च्या अंकासोबत स्लॅकवेअर या लिनक्स वितरणाची सीडी दिली, तेव्हा व्हीएसएनएल या तत्कालीन सरकारी कंपनीची सार्वजनिक इंटरनेट सेवा जेमतेम काही महिन्यांची होती. पुढे याच मासिकाच्या रेड हॅट या वितरणावर आधारलेल्या सीडींमधून आरपीएम हा पॅकेज-व्यवस्थापक, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा, अद्ययावत करणारा व काढून टाकणारा प्रोग्रॅम, वाचकांच्या हाती आला आणि त्याच्यासोबत एक जुना पेचही आला.

पॅकेजमधील मूळ प्रोग्रॅम निर्मात्याचा असतो. परंतु नेटवर्कचा पत्ता किंवा मेल सर्व्हरचे नाव जिच्यात लिहायचे, ती कॉन्फिगरेशन फाइल संगणक सांभाळणारा स्वतः घडवतो, त्यामुळे नवी आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली तर त्याचे श्रम वाया जातात आणि ती तशीच राहिली तर नव्या प्रोग्रॅमला जुन्या नोंदी कळेनाशा होण्याचा धोका राहतो. यावर आरपीएमने न विचारता निर्णय घेण्याची रीत स्वीकारली: बदललेली जुनी फाइल ‘आरपीएमसेव्ह’ या शेपटीसह बाजूला ठेवली जाते, मात्र पॅकेज बांधणाऱ्याने ‘नोरिप्लेस’ अशी खूण केली असेल, तर जुनी फाइल जागेवर राहते आणि नवी ‘आरपीएमन्यू’ म्हणून शेजारी येते. इयान मर्डॉक यांनी १९९३मध्ये सुरू केलेल्या डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाचा पॅकेज-व्यवस्थापक डीपीकेजी इयान जॅक्सन यांनी १९९४मध्ये नव्याने लिहिला. तो पुरवलेल्या फायलीची चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेली ओळखखूण, जपून ठेवतो, आणि निर्माता व वापरकर्ता या दोघांनीही फाइल बदलली असेल तेव्हाच प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाचे गृहीत उत्तर ‘जुनी ठेवा’ असे आहे. हीच रीत अधिक न्याय्य म्हटली पाहिजे, कारण तिच्यात निर्णय यंत्र सांभाळणाऱ्याकडे राहतो.

अनेक यंत्रांवर देखरेखीविना अद्ययावतीकरण चालवताना मात्र हाच प्रश्न सारे काम अडवून धरतो. म्हणून डीपीकेजीमध्ये ‘फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘फोर्स-कॉन्फओल्ड’ हे पर्याय आले, ज्यांपैकी पहिला शक्य तिथे गृहीत उत्तर घेतो आणि दुसरा जुनी फाइल राखतो. या सवलतीने न विचारता फाइल न बदलण्याचा निर्बंध उठत नाही, संगणक-व्यवस्थापकाचे उत्तर आगाऊ नोंदले जाते, एवढेच. केंद्र सरकारने २०१५मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण जाहीर केले, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे; म्हणून सरकारी कार्यालयांतील यंत्रे सांभाळणाऱ्यांनी हे पर्याय समजून घेणे अगत्याचे आहे. जुनी फाइल राखली गेली की नवी ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटीने शेजारी पडून राहते, आणि तिच्यातील सुरक्षाविषयक बदल जुनीत उतरवण्याचे काम माणसालाच करावे लागते.