स्वीटहार्ट ग्रिप : पिस्तुलाच्या मुठीत घरचा फोटो

दुसऱ्या महायुद्धात अनेक अमेरिकी सैनिकांकडे कोल्टचं एम १९११ पिस्तूल असायचं. त्याच्या मुठीवरची प्रत्येक पट्टी फक्त दोन स्क्रूंवर बसते, त्यामुळे बदलणं सोपं. पडलेल्या विमानाच्या खिडकीचं प्लेक्सिग्लास घ्यायचं, मूळ पट्टीच्या मापाने कापायचं, कानशीने घासायचं आणि आतून बायकोचा नाहीतर प्रेयसीचा फोटो लावायचा. हीच 'स्वीटहार्ट ग्रिप'. काही जण एक बाजू कोरीच ठेवत. मॅगझिनमधल्या सात गोळ्यांपैकी किती उरल्या ते दिसावं म्हणून. जनरल पॅटन यांच्या रिव्हॉल्व्हरच्या हस्तिदंती मुठी जास्त गाजल्या, पण खरा जीव या प्लास्टिकमध्येच. आता नव्याने बनवलेल्या नकलाही विकत मिळतात, तेव्हा संग्राहकांनी जपूनच घ्यावं.