सरासरीने चकवलेला चुनखडक

फेब्रुवारी १९७४. समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या ‘सागर सम्राट’ या वेधनमंचाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल गाठले. तेथील भूगर्भीय उंचवटा त्यापूर्वी सुमारे दशकभर आधी सोव्हिएत जहाजाने केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणात दिसला होता. मे १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’चे, म्हणजे आजच्या मुंबई हायचे, उत्पादन सुरू झाले. १९७३ च्या तेलसंकटाने पोळलेल्या देशात त्याचा आनंद झाला; खडकाची चौकशी मात्र तज्ज्ञांपुरतीच राहिली.

आसाम आणि गुजरातमधील आधीची मोठी तेलक्षेत्रे प्रामुख्याने वालुकाश्मातली. मुंबई हायचा मुख्य साठा, ‘एल-३’, हा मध्यनूतन काळातील चुनखडकाचा. हा भेद केवळ नावाचा नाही. वाळू वाहून येते. चुनखडक बव्हंशी जागीच, उथळ उबदार समुद्रातील जीवांच्या कवचांपासून घडतो. समुद्र ओसरला की पावसाचे पाणी त्यातील काही भाग विरघळवते आणि तोच चुना अन्यत्र साचून छिद्रे बुजवतो. एल-३ मध्ये अशा चुनखडकाच्या थरांमध्ये शेलचे पातळ पडदेही आहेत.

म्हणून येथे सच्छिद्रता आणि पार्यता यांचे नाते विस्कटते. खडकाच्या दोन तुकड्यांत प्रत्येकी २० टक्के पोकळी असू शकते. एकात ती विरघळलेल्या शिंपल्यांच्या सुट्या साच्यांत अडकलेली, दुसऱ्यात परस्परांशी जोडलेली. पहिल्यातून द्रव जेमतेम झिरपतो, दुसऱ्यातून शेकडो पटींनी सहज वाहतो. हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूतून वाहणाऱ्या पाण्यावरून मांडलेला नियम दोन्हींना लागू पडतो. प्रश्न त्यातील गुणांकाचा आहे. १९६२ मध्ये रॉबर्ट डनहॅम यांनी चुनखडकांचे वर्गीकरण करताना एक साधा प्रश्न विचारला: खडकाचा सांगाडा कणांनी तोलला आहे की चिखलाने? आजही गाभ्याच्या नमुन्यांची तपासणी करताना हा प्रश्न विचारला जातो.

साठ्यातील दाब टिकवण्यासाठी १९८० च्या दशकात मुंबई हायमध्ये समुद्राचे पाणी दाबाने भरले जाऊ लागले. पाणी अर्थातच सरासरी पार्यता पाहून चालत नाही. एखादा पातळ पण अतिपार्य थर सापडला, की ते त्यातून थेट उत्पादन-विहिरीपर्यंत पोहोचते आणि वरखालच्या घट्ट थरांतील तेल जागच्या जागी राहते. चुनखडकी साठ्यांच्या अभियंत्यांची ही जुनीच डोकेदुखी.

मग दोन विहिरींमधील न पाहिलेला खडक कसा मांडायचा? उत्तराची सुरुवात दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत झाली. १९५० च्या दशकाच्या आरंभी डॅनी क्रिगे यांनी तुरळक नमुन्यांवरून धातुकाचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या जॉर्ज माथेराँ यांनी तिला गणिती पाया देऊन ‘क्रिगिंग’ हे नाव रूढ केले. (प्रस्थापित भूविज्ञानाने या गणिताकडे बराच काळ संशयाने पाहिले, हेही नोंदवावे.) पण क्रिगिंगचा नकाशा गुळगुळीत असतो. तो चूक कमीत कमी ठेवतो आणि नेमके तेच टोकाचे थर पुसतो, ज्यांतून पाणी धावते. त्यामुळे पुढे एकाच नकाशाऐवजी, मोजमापांशी तितकीच जुळणारी पण परस्परांहून भिन्न अशी अनेक प्रतिरूपे तयार करण्याची पद्धत आली. प्रत्येक प्रतिरूपात तेल-पाण्याचा प्रवाह सोडवायचा, विहिरींचा प्रत्यक्ष इतिहास ताडून पाहायचा, न जुळणारी प्रतिरूपे बाजूला सारायची.

मुंबई हायचे उत्पादन १९९० च्या दशकात घसरले. २००० नंतर पुनर्विकास हाती घेण्यात आला. आडव्या विहिरी आणि जुन्या विहिरींतून काढलेल्या नव्या शाखा त्याचा महत्त्वाचा भाग होत्या. पातळ थरात शिरून त्यातूनच दूरवर जाणारी विहीर अशा खडकाला शोभते खरी. परंतु नेमका कोणता थर, हे आधी प्रतिरूपाने सांगावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायचे उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या कंपनीची तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. शोध लागून तेव्हा जवळपास ५१ वर्षे झाली होती आणि खडक तोच होता.